नामिबियातल्या स्केलेटन कोस्टची (किनारपट्टीची) सहल: उद्यासाठी सूचना

सर्व सदस्यांनो, उद्या सकाळी ६ वाजता स्वाकोपमुंडच्या हॉटेलसमोरून गाड्या सुटतील. उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही.

पहिला थांबा हेन्टीस बेच्या अलीकडे, ‘झैला’ जहाज. भंगारात निघालेली ही मासेमारी बोट २००८ मध्ये आपल्या मुंबईकडे ओढून नेत होते; दोर सुटला आणि ती इथेच रुतली. आता तिच्यावर पाणकावळ्यांचा मुक्काम. वास येणारच!

- बोटीवर चढायचं नाही, पाण्यातही उतरायचं नाही. इथल्या बेंग्वेला या सागरी प्रवाहाचं पाणी बोचरं गार असतं.
- चालकांनी रस्ता सोडू नये. वाळवंटातलं दगडफूल (आपल्या गोड्या मसाल्यातल्याचंच भावंड) एकदा चाकाखाली गेलं की वर्षानुवर्षं भरून येत नाही.
- स्वेटर घ्या, सकाळी धुकं असतं.
- पुढे उगाबच्या फाटकावर (स्केलेटन कोस्ट राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशद्वार) परवाना लागतो. पासपोर्ट जवळच ठेवा.