यादी छापलीत, आता मतपत्रिकाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतली सर्वोत्कृष्ट पन्नास मराठी चित्रपटांची यादी आणि तिच्यावर या सदरात चाललेला पत्रव्यवहार वाचतो आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ इतका खाली का, ‘सैराट’ इतका वर कसा, ‘सांगत्ये ऐका’ कुठे गेला, अशी पत्रे येताहेत आणि वाद रंगलाही आहे. यादीखाली मात्र ‘पंचवीस जाणकारांच्या कौलावरून’ एवढीच ओळ होती. प्रत्येकाने किती नावे दिली, क्रम लावून दिली की नाही, मोजणी कशी झाली, समान मते पडली तेव्हा काय केले, यातले काहीच नाही. हे कळल्याशिवाय कोण आत आणि कोण बाहेर यावर हुज्जत घालणे म्हणजे सातबारा न बघता बांधावरून भांडणे.

आधी मोजणीचे बघू. दहा नावे मागवली तर ती मोजायच्या दोन सरळ रीती आहेत. एकीत प्रत्येक नावाला एक मत, क्रम बघायचाच नाही. दुसरीत पहिल्या जागेला दहा गुण, दुसरीला नऊ, असे करत दहावीला एक. समजा, एका चित्रपटाचे नाव बारा जणांनी घेतले, पण सगळ्यांनी आठव्या जागी. त्याचे गुण बारा त्रिक छत्तीस. दुसऱ्याचे नाव चौघांनीच घेतले, पण पहिल्या जागी. त्याचे झाले चाळीस. गुणांच्या रीतीत दुसरा पुढे, मतांच्या रीतीत पहिला बारा विरुद्ध चार असा जिंकतो. लबाडी कुठेच नाही. एक रीत किती लोकांना पटले ते सांगते, दुसरी किती तीव्रतेने पटले ते. माझा कल पहिल्या रीतीकडे आहे, कारण चौथ्या जागेपासून नवव्या जागेपर्यंतचा क्रम बहुतेक जण अंदाजानेच लावतात.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ मासिक 1952पासून दर दहा वर्षांनी जगभरचा कौल घेते तो याच रीतीने: दहा नावे, क्रम नाही, प्रत्येकाला एक मत. 2012मध्ये 846 जणांनी मते दिली आणि ‘व्हर्टिगो’ 191 मतांवर पहिला आला. म्हणजे 655 जणांच्या दहांत जगातला हा ‘सर्वश्रेष्ठ’ चित्रपट नव्हता! त्याआधी 1962 ते 2002 सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’ पहिला होता. 2012ला तो 157 मतांवर दुसरा झाला. 2022मध्ये मतदार 1,639 झाले आणि दिग्दर्शिका शांताल आकरमानचा ‘जान डीलमन’ पहिला आला, जो दहा वर्षांपूर्वी छत्तिसावा होता. तो 1975चा चित्रपट मधल्या काळात एका फ्रेमनेही बदलला नव्हता. मतदारांची संख्या जवळपास दुप्पट झाली होती आणि मतदार वेगळे होते. त्या यादीच्या पहिल्या शंभरात एकच भारतीय चित्रपट आहे, पस्तिसाव्या जागी ‘पथेर पांचाली’. यावरून भारतीय सिनेमाच्या दर्जापेक्षा मतदारांनी काय बघितले आहे तेच जास्त कळते.

आता आपल्या पंचविसांकडे येऊ. प्रत्येकी दहा धरली तर एकूण नावे 250. वरच्या दोन-तीन चित्रपटांना बारा-पंधरा मते पडली असतील, पण चाळिसाव्या जागेच्या आसपास दोन-दोन मतांचा गठ्ठाच असणार. तिथे एका मतदाराने एक नाव बदलले की चित्रपट दहा-पंधरा जागा सरकतो. पन्नासावा आणि बाहेर राहिलेला एकावन्नावा यांच्यात एका मताचाही फरक नसेल. पंचवीस मतदारांच्या जिवावर पंधरा-वीसपर्यंतच क्रम लावावा. पुढची नावे अकारविल्हे, पडलेल्या मतांसह द्यावीत.

‘सिंहासन’ खाली गेल्याबद्दल एका वाचकाने हळहळ व्यक्त केली आहे. इथे बहुधा मतविभागणीने घात केला असावा. डॉ. जब्बार पटेलांचा एक चित्रपट घ्यायचाच असे सोळा जणांनी ठरवले, तरी पाच जण ‘सामना’ लिहितात, चार ‘जैत रे जैत’, चार ‘सिंहासन’ आणि तीन ‘उंबरठा’. एकच मोठा चित्रपट केलेला दिग्दर्शक सात मतांत चौघांच्याही पुढे जातो. ‘साइट अँड साउंड’लाही हा प्रश्न पडला होता. 2002मध्ये ‘गॉडफादर’चे पहिले दोन भाग एकत्र मोजले आणि ते चौथे आले, 2012ला वेगळे मोजले आणि दोन्ही पहिल्या दहाबाहेर पडले. एका दिग्दर्शकाचा एकच चित्रपट अशी सक्ती मला पसंत नाही. यादीशेजारी दिग्दर्शकवार एकूण मतांचा छोटा तक्ता दिला की काम भागते.

पात्रतेचा घोळ याहून मोठा आहे. तुमच्या यादीत 1913चा ‘राजा हरिश्चंद्र’ आहे. दादासाहेब फाळक्यांबद्दल आदर कोणाला नाही? पण मूकपटाची भाषा कोणती धरायची? आणि मतदाराने बघितले नेमके काय? आज त्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचेच उपलब्ध आहे. तेही मूळ 1913चे की 1917ला पुन्हा केलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. बाबूराव पेंटरांच्या 1925च्या ‘सावकारी पाश’ची तर प्रिंटच उरलेली नाही, 1936चा त्याच नावाचा बोलपट वेगळा. मतपत्रिकेवर 1925चा ‘सावकारी पाश’ लिहिणारा चित्रपटाला मत देत नाही, चित्रपटाच्या इतिहासाच्या पुस्तकाला देतो. भारतात 1,300हून अधिक मूकपट निघाले, त्यांतले मोजकेच हाती लागले. पुण्यात 2003च्या जानेवारीत चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठारात लागलेल्या आगीने उरल्यासुरल्यातलेही बरेच नेले. हरवलेल्या चित्रपटांची वेगळी चौकट करा, ती अभिमानाने छापा, पण क्रमवारीत मिसळू नका.

प्रभात फिल्म कंपनीचे द्वैभाषिक चित्रपटही असेच अडचणीचे. ‘अयोध्येचा राजा’, ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’ हे मराठी-हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित झालेले आहेत, नंतर डब केलेले नव्हेत. त्यामुळे हिंदी आवृत्ती बघून मराठीला मत देणारा वेगळ्याच चित्रीकरणाला मत देतो. ‘कोर्ट’ला 2014चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्यात मराठीबरोबर हिंदी, गुजराती आणि इंग्रजीही आहे. माझ्या मते तो यादीत हवाच. तरी नियम आधी छापलेला असावा: सेन्सॉर प्रमाणपत्रावरची भाषा धरणार की संवादांतला मोठा वाटा, यांपैकी एक काहीतरी ठरवा.

यानंतर प्रतींविषयी, आणि याकडे कोणी बघतच नाही. मतदार बहुतेक वेळा आठवणीवर लिहितात, फार तर मोबाइलवर मिळेल ती प्रत चाळतात. जुने चित्रपट 1.37:1 या जवळजवळ चौकोनी चौकटीतले आहेत. ते आजच्या टीव्ही-मोबाइलच्या रुंद, 16:9च्या पडद्यात भरायला दोन उद्योग होतात. चित्र ताणले तर गाडीचे चाक, थाळी, घड्याळ लंबगोल दिसतात. ही तपासणी दहा सेकंदांत होते. वर-खाली कापले तर जवळजवळ पाव चित्र जाते, पागोट्याचा वरचा भाग कापला गेलेला दिसतो आणि पायाशी चाललेली हालचाल नाहीशी होते. अशी प्रत बघून ‘छायाचित्रण सामान्य’ असा शेरा मारणे हा त्या काळच्या छायालेखकांवर अन्याय आहे.

लांबीही तपासावी. 35 मिलिमीटर फिल्ममध्ये फुटाला 16 फ्रेम असतात. बोलपट सेकंदाला 24 फ्रेमने चालतो, म्हणजे मिनिटाला 90 फूट किंवा 27.4 मीटर. सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असेल तर तिला 27.4ने भागा, मिनिटे मिळतात. हाती असलेली प्रत अकरा मिनिटांनी कमी भरली तर एक हजार फुटी रीळ गायब आहे किंवा दोन-तीन गाणी उडवली आहेत असे समजावे. मात्र टीव्हीसाठी 25 फ्रेमने उतरवलेली प्रत चार टक्के वेगाने पळते; दोन तासांचा चित्रपट 115 मिनिटांत संपतो. तेवढी तूट म्हणजे कापाकापी नव्हे. मूकपटाचे गणित वेगळे: ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3,700 फूट सांगतात. ती 24 फ्रेमने चालवली तर 41 मिनिटे आणि 16 फ्रेमने चालवली तर 62. संदर्भग्रंथांतले चाळीस मिनिटांचे आकडे इथून येतात आणि फाळक्यांची पात्रे माकडउड्या मारताना दिसतात तीही याचमुळे.

‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला, सबब तो पहिल्या दहात हवा, असे एका पत्रात म्हटले आहे. अनंत माने यांचा हा चित्रपट मलाही वर हवा आहे, पण आठवडे हा पुरावा होत नाही. 1959ला मोजक्या प्रिंट निघत, गाववार फिरत आणि एकाच थिएटरात ठाण मांडून बसत. आज पहिल्याच शुक्रवारी चित्रपट शेकडो पडद्यांवर लागतो आणि तिसऱ्या आठवड्यात उतरतो. तिकिटाचे दर बदलल्यामुळे गल्ल्याचीही तुलना होत नाही.

विनोदी चित्रपटांचे गाऱ्हाणे मात्र खरे आहे. मतपत्रिकेवर ‘श्रेष्ठ’ शब्द दिसला की भलेभले गंभीर चेहरा करून बसतात. ‘बनवाबनवी’ची मूळ कल्पना 1966च्या ‘बीवी और मकान’मधली आहे म्हणून तो बाद, हा आक्षेप मला मान्य नाही. सुधीरची सुधा आणि परशाची पार्वती झाल्यावर प्रत्येक थाप पुढच्या थापेची गरज तयार करते आणि एकही धागा लोंबकळत राहत नाही. अशी वीण बसवणे अवघड असते, हे पटकथा लिहिणाऱ्याला विचारा.

‘संत तुकाराम’ पहिला आला याबद्दल कोणीच तक्रार केली नाही. मला त्याचेच वाईट वाटले. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 1937मध्ये गौरव झाला, म्हणून तो सवयीने वर ठेवला जातो. खरे तर सुरुवातीचीच पाच मिनिटे बघावीत. विष्णुपंत पागनीसांनी साकारलेला तुकाराम साध्या चालीत अभंग म्हणतो आणि पाठोपाठ त्याचा ढोंगी प्रतिस्पर्धी सालोमालो तोच अभंग आपल्या नावावर, ताना-मुरक्या घेत, देवळात आळवतो. शब्द तेच असतात. कोण खरा आणि कोण खोटा हे संवादातून न सांगता निव्वळ गायकीच्या फरकाने कळते, तेही बोलपट मराठीत येऊन चारच वर्षे झालेली असताना. दुसरीकडे तुकारामाची बायको जिजाई (अभिनेत्री गौरी) हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला निघते, आणि संतपटाला जमिनीवर आणते. (‘आधी बीज एकले’ तुकोबांचे नाही, शांताराम आठवल्यांचे आहे, हे आजही अनेकांना खरे वाटत नाही.) मतपत्रिकेवर अशी कारणे मागितली असती तर वाद कामाचा झाला असता.

पुढच्या वेळी निदान साठ मतदार घ्या. समीक्षकांबरोबर संकलक, छायालेखक, ध्वनिमुद्रक, फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते आणि एकपडदा थिएटरचे व्यवस्थापक असावेत, आणि एक तृतीयांश तरी चाळिशीच्या आतले. नावासोबत वर्ष सक्तीचे करा. ‘श्यामची आई’ म्हणजे आचार्य अत्र्यांचा 1953चा की 2023चा, हे मोजणाऱ्याने ताडायचे नसते. किमान तीन नावांना दोन ओळींचे कारण मागा. दोघांनी स्वतंत्रपणे मोजणी करून आकडे ताडून बघावेत. दहा वर्षांहून नवे चित्रपट बाजूला ठेवावेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची नॅशनल फिल्म रजिस्ट्री हाच नियम पाळते, दरवर्षी पंचवीस नावे घेते आणि क्रम लावतच नाही. आपल्या वाचकांना क्रमाशिवाय करमणार नाही हे मी जाणतो, म्हणून ते सुचवत नाही.

सध्याच्या यादीच्या पंचवीस मतपत्रिका आपल्या कार्यालयात असतीलच. मतदारांची नावे झाकून का होईना, त्या एका पानावर छापा. बेरीज आम्ही वाचक करू.

आपला,
फिल्म सोसायटीचा एक कार्यकर्ता, पुणे