काच नव्हे हो, अकीक आहे तो!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला गुजरातेतल्या लोथलवरचा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या जुन्या नगरावरचा लेख वाचला. लेख बरा आहे, पण फोटोखाली 'लाल काचेचे मणी' हे कोणी लिहिलं? अहो अकीक आहे तो, अकीक, दागिन्यांतला लाल दगड! डेस्कवर कुणीतरी फोटो नीट बघत असेल अशी भाबडी समजूत होती माझी.

एवढं डोकं फिरायचं कारण म्हणजे माझी स्वतःची माळ. मिस्टरांची बदली आणंदला होती तेव्हा खंभातला जाऊन घेतलेली. गेल्या दिवाळीत दोरा तुटला म्हणून एका सराफाकडे नेली तर काउंटरवरचा मुलगा हातातसुद्धा न घेता म्हणतो, काकू काच आहे ही, रस्त्यावर शंभराला मिळेल. मग काय, घरी येऊन मीच ओवायला बसले. आणि ज्याने असे मणी ओवलेत त्याला विचारा, सुई जाते जाते आणि बरोब्बर मध्यावर अडते, कारण भोक दोन्ही टोकांकडून पाडत आणतात आणि दोन भोकं जिथे भेटतात तिथे बारीकशी पायरी राहते. काचेच्या मण्यातून सुई सुळकन जाते. हे त्या मुलाला कोण सांगणार, आणि आता तुम्हालाही!

मातकट दगड मडक्यात भाजतात, त्यातल्या लोहामुळे तो लाल होतो. खंभातला कारागीर आज हिऱ्याच्या टोकाने भोक पाडतो, ४५०० वर्षांपूर्वी सिंधमधल्या चन्हूदडोत, लोथलसारख्याच सिंधू संस्कृतीच्या गावात मात्र दगडाचंच गिरमिट, तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर, म्हणजे ६ सेंटिमीटरच्या मण्याला नुसतं भोकच २४ तास. असे लांब मणी समुद्रमार्गे पार इराकात गेले, वुली या इंग्रज उत्खननकाराला तिथल्या उर शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले. तिथलाच प्राचीन राजा, अक्कडचा सारगॉन, तर मेलुहाची (म्हणजे बहुधा आपल्या सिंधूकाठची) जहाजं माझ्या धक्क्याला लागतात म्हणून मिरवतो. शंभर रुपयांच्या काचेसाठी लागत असतील का?

आणि लोथलच कशाला, आपल्या पैठणहून असेच दगड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचे, पहिल्या शतकातल्या एका ग्रीकाने लिहून ठेवलंय. रस्ते धड नव्हते हेही त्याने लिहिलंय, तेव्हा तेवढं एक आपण जपलं आहे.

जाता जाता, मागच्या शब्दकोड्याची उत्तरं या रविवारी छापलीच नाहीत. माझा ७ उभा अजून रिकामा आहे.

– एक जुनी वाचक, डोंबिवली