दादा, तुला नोटीस येईल

एडिसन, न्यू जर्सी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

थोड्या दिवसांत पोस्टमन अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयाचा कागद घेऊन येईल. घाबरू नकोस, आणि पाकीट आईच्या हाती पडू देऊ नकोस. तिला मी रविवारी फोनवर स्वतः सांगणार आहे. ह्यांच्या ऑपरेशनची बिलं आणि क्रेडिट कार्डांची उधारी फिटण्यापलीकडे गेली, म्हणून मी चॅप्टर 7 खाली, म्हणजे देणी माफ व्हावीत म्हणून इथल्या दिवाळखोरी कायद्याखाली, अर्ज केला. त्यात ज्याचं ज्याचं देणं आहे त्या प्रत्येकाचं नाव लिहावंच लागतं, घरच्या माणसाचंही. तुझे चार लाख लिहिताना माझा हात चालत नव्हता.

कागदावर घेणेकऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचं मी देणं लागते त्यांच्या, बैठकीची तारीख असेल. कायद्याच्या कलमावरून इथे तिला 'थ्री फॉर्टी वन' म्हणतात. अर्जानंतर 21 ते 40 दिवसांत होते. तिथे न्यायाधीश नसतो, ट्रस्टी, म्हणजे माझी मालमत्ता आणि देणी तपासायला नेमलेला माणूस, प्रश्न विचारतो. माझी झूमवर आहे. फोटोचं ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी कार्ड दाखवायचं, शपथ घ्यायची, सगळं रेकॉर्ड होतं. वकीलबाई म्हणाल्या, कार्डवाल्या बँका सहसा फिरकत नाहीत, दहा मिनिटांत आटोपतं. तुला मात्र हजर राहून मला प्रश्न विचारायचा हक्क आहे. मनात काही असेल तर जरूर विचार.

माझा जीव अडकलाय तो एकाच प्रश्नात: सगळी मालमत्ता लिहिली आहे का? सगळी म्हणजे जगात कुठेही असलेली. बाबांच्या मागे वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर तुझ्या आणि आईच्या बरोबरीनं माझंही नाव लागलं. पुढच्या राखीला येऊन हक्कसोडपत्रावर सही करीन म्हणाले होते, ते राहिलं. परवा तू म्हणालास, मुखत्यारपत्र पाठव, आठवड्यात नाव कमी करून घेतो. दादा, आता ते करायचं नाही. अर्ज दाखल झाला त्या क्षणी माझा हिस्सा ह्या प्रकरणात आला. आता नाव काढणं म्हणजे तो लपवणं, आणि शपथेवर खोटं बोलायला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मी हिस्सा लिहिला आहे. काही मालमत्ता ट्रस्टीला घेता येत नाही, तिला सूट असते. माझं इथे स्वतःचं घर नाही, त्यामुळे घरासाठीची न वापरलेली सूट काही प्रमाणात इतर मालमत्तेला लावता येते. आपला तुकडा तीत बसेल अशी वकीलबाईंना आशा आहे, पण ट्रस्टी काय म्हणतो ते बघायचं. विहिरीच्या मोटारीला पाठवलेले पैसेही लिहिले. दोन वर्षांत एका माणसाला 600 डॉलरच्या वर भेट दिली तर ती सांगावी लागते.

तुझे पैसे आधी परत करावेत असं फार वाटत होतं. पण अर्जाआधीच्या वर्षभरात नातलगाला फेड केली तर ट्रस्टी ती त्याच्याकडून परत मागू शकतो. तुझ्यावर ती वेळ आणायची नव्हती. सगळं सुरळीत झालं तर बैठकीनंतर साधारण दोन महिन्यांनी डिस्चार्ज मिळेल. मग कायद्यानं मी तुझं देणं लागणार नाही. स्वखुशीनं फेडायला मात्र कायद्याची आडकाठी नाही, आणि ते चार लाख मी फेडणार आहे.

डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ आणि वारसनोंदीचा फेरफार व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
छोटी