डिझाइन मेस्त्रीकाकांचं

ती. मेस्त्रीकाका यांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र असं चारचौघांत लिहिते आहे, रागावू नका. दापोलीजवळच्या आपल्या लाकडी खोलीचे फोटो ज्याला दाखवावेत तो आधी हेच विचारतो, "डिझाइन कोणाचं?" आमच्या सुतारांचं, मेस्त्रींचं, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "हो, पण आर्किटेक्ट कोण?" तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगून टाकते.

मला हवी होती चार दिवस फोन बंद करून पडून राहण्याजोगी जागा. दहा बाय बाराची, लाकडाची, आणि तिच्यासाठी एकही झाड पाडायचं नाही. आलेख कागदावर आखलेला नकाशा आणि एक फोटो घेऊन मी तुमच्याकडे आले होते. चंदीगड आखणारे आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्रून-काप-मार्तँला, 1952 च्या सुमारास स्वतःसाठी बांधलेली ती केबिन. 3.66 मीटर लांब, तितकीच रुंद, उंची 2.26 मीटर, छप्पर एकाच बाजूला उतरतं. तुम्ही फोटो बराच वेळ पाहिलात, "काम चोख आहे" म्हणालात आणि मग विचारलंत, "तिथं पाऊस किती, ताई? आणि पागोळ्या कुठं पडतात?"

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही वाऱ्याबरोबर आडवा. त्या एका प्रश्नाने निम्मा नकाशा बदलला. छप्पर दुपाखी, म्हणजे दोन्ही बाजूंना उतरतं झालं, वासे भिंतीच्या बाहेर चांगले तीन-साडेतीन फूट आले, झड येते ती नैर्ऋत्येची बाजू जवळजवळ बंद झाली आणि बसायची ओटी पूर्वेला गेली. पत्रा स्वस्त पडला असता. कोकणात हल्ली माकडांच्या त्रासाने लोक कौलं उतरवून पत्रे घालतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण "शांत बसायला येणार म्हणता आणि डोक्यावर पत्रा? जुलैत स्वतःचं बोलणं ऐकू येणार नाही," हे तुमचं म्हणणं बिनतोड होतं. पाडलेल्या घराची जुनी मंगलोरी कौलं तुम्हीच मिळवून दिलीत. जादा कौलांची चळत मागच्या भिंतीला लावून ठेवली आहे, माकडांच्या नावाने.

लाकडाचं तर सगळं श्रेय तुमचंच. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पण मंडणगड-दापोलीकडच्या बागाही त्याने झोपवल्या. आमच्या वाडीतले फणस मुळासकट आडवे झाले आणि घरचे ते जळणासाठी विकायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. आधी फोटो आणि कागदपत्रं करायला लावलीत, कारण 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे आणि पडलेल्या झाडाचंही आधी विचारलेलं बरं. मग ओंडक्यांच्या तोंडांना शेण फासून घेतलंत, म्हणजे कडा लवकर सुकून चिरा पडू नयेत. गिरणीतून फळ्या आल्या तेव्हा मला लगेच काम सुरू करायचं होतं. तुम्ही मधे रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या घालून त्या सावलीत रचल्यात आणि पुढचा पावसाळाच काय, त्याच्या पुढचाही जाऊ दिलात. बाहेरचं पांढरं लाकूड निर्दयपणे कापून काढलंत. माझा जीव तुटत होता, पण कीड तिथेच आधी लागते हे तुम्ही भुग्याची भोकं दाखवून पटवलंत. आत उरला तो फणसाचा पिवळाधमक गाभा. आता तो हळूहळू तांबूस होतो आहे.

एकही खांब मातीत नाही. जांभ्याच्या जोत्यावर काळ्या दगडाचे तळखडे, त्यावर खांब. वाळवी चढलीच तर दगडावर तिची मातीची वाट दिसते, झाडूने झाडता येते. फवारणीपेक्षा मला हे फार आवडलं. तुळया आणि खांब कुसवाने, म्हणजे एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, जोडून लाकडी खुंट्या ठोकल्यात, कारण खाऱ्या हवेत खिळा गंजतो आणि गंजताना भोवतीचं लाकूडही खातो. शिवाय खुंटी काढली की सांधा सुटतो. उद्या कोणाला ही खोली उचलून दुसरीकडे न्यायची झाली तर नेता येईल.

आणि खिडकी! नकाशात ती नेहमीच्या उंचीवर होती. तुम्ही म्हणालात, "बसा." मी नुसत्या जोत्यावर मांडी घालून बसले. कानामागची चपटी पेन्सिल काढून तुम्ही माझ्या डोळ्यांच्या रेषेत खांबावर खूण केलीत. "आता पाटावर बसा." दुसरी खूण. "आता आडव्या व्हा." मला हसू येत होतं, तुम्ही मात्र गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून गंभीरपणे रेघ मारत होतात. तिसऱ्या खुणेच्या खाली चार बोटांवर चौकटीची खालची पट्टी आली. आज तिथे पडल्या पडल्या करवंदीची जाळी दिसते आणि उभं राहिलं की काहीच दिसत नाही, म्हणून माणूस आपोआप खाली बसतो.

त्या फ्रेंच केबिनचे भाग कॉर्सिका बेटावर तयार झाले होते, बार्बेरिस नावाच्या सुताराच्या हातून, आणि मग ते जागेवर आणून जोडले. फोटोखाली मात्र नाव एकाचंच छापतात. आपल्याकडे तसं होऊ नये एवढाच माझा हट्ट आहे.

माझ्या एका मैत्रिणीला भोरजवळ अशीच खोली बांधायची आहे. तिला तुमच्याकडे पाठवते आहे. तिच्याकडेही एक फोटो असेल, तो नीट पाहा. मजुरी ठरवताना माझ्या ओळखीची भीड धरू नका, आणि नकाशाचे पैसे वेगळे मागा.

तुमची,
फणसवाडीची ताई