मेजर, तुमचा डबा माझ्याकडे राहिलाय

नमस्कार मेजर,

काल सकाळी पावणेसातला ते मांजर पुन्हा आलं. तेच, पिवळ्या पट्ट्यांचं, आणि त्याच ॲक्टिव्हाखालून. लीश, म्हणजे कुत्र्याची दोरी, माझ्या उजव्या हातात होती, डावं मनगट आपसूक पोटाशी गेलं. आमच्या कुत्र्याने, भास्करने, कान टवकारले, शेपटी ताठ झाली, पुढचा एक पाय हवेत. म्हटलं, झालं, आज दुसरा हात. आणि त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बस्स, बघितलं. लीश आमच्या दोघांच्या मधे तशीच लोंबत होती, तुम्ही म्हणायचात तशी, कपडे वाळत घालायच्या दोरीला पडतो तसा झोल पडलेली. मांजर रमतगमत पलीकडे गेलं. मी तिथल्याच कट्ट्यावर बसले आणि चक्क रडले. दूधवाला थांबून "काकू, बरं वाटत नाही का?" असं विचारून गेला.

ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला द्यायची म्हणून तुम्ही वॉचमन होतात त्या सोसायटीच्या गेटवर आले, तर खुर्चीत दुसराच माणूस. एजन्सी बदलली, जुने सगळे गेले, एवढंच त्याला ठाऊक. माझ्याकडे तुमचा जो नंबर आहे तो लागत नाही. म्हणून हे उघड पत्र. मुलगी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असते, अशी तुमची तक्रार होती. आता तिच्याच नजरेला हे पडावं अशी माझी इच्छा आहे.

इतरांना सगळं ठाऊक नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. भास्कर माझा नाही, मुलाचा. मुलगा म्युनिकला गेला, सहा महिन्यांत नेतो म्हणाला, आणि ३४ किलोचा लॅब्राडोर कोथरूडात माझ्यापाशी राहिला. कागदोपत्री तो ऑस्कर. कामाला येणाऱ्या शोभाताईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचा भास्कर केला आणि तो त्या नावाला जास्त ओ देतो. माझं वय ६२, वजन ५३ किलो. तेव्हा मी त्याला फिरवते असं म्हणायची पद्धत होती, इतकंच. तो न्यायचा आणि मी जायचे.

डिसेंबरात त्या मांजरामागे तो सुटला तेव्हा लीश माझ्या डाव्या हाताला गुंडाळलेली होती. ड्रेनेजच्या झाकणावर आपटले. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

त्या सहा आठवड्यांत माणसं चांगली कळली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला, पण 'तुम्ही कशा आहात' असं विचारणारे दोन. बाकी सगळी चर्चा कुत्र्याची. कमिटीतले एक गृहस्थ घरी आले, बसलेसुद्धा नाहीत, दारातूनच म्हणाले, "देऊन टाका ना कुणाच्या तरी फार्महाउसवर." फार्महाउस म्हणजे जणू पांजरपोळच.

मग कुत्र्यांना शिकवणारे ते 'सर' आले. दहा वेळा यायचे पंधरा हजार, तेही आगाऊ. त्यांनी पिशवीतून चोक चेन, ओढली की गळा आवळणारी साखळी, काढली आणि म्हणाले, "मॅडम, इथे अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, कोण आहे ते याला कळलं पाहिजे." मग हिसका. पुन्हा हिसका. भास्कर खाकरायचा, घशात काही अडकल्यासारखा. त्यांच्या हातात तो परेडला चालल्यासारखा चालायचा आणि माझ्या हातात आला की पहिले पाढे पंचावन्न. पाचव्या दिवशी त्यांनी निदान केलं की माझ्यात 'ती पर्सनॅलिटी'च नाही. उरलेले पाच दिवस ते आले नाहीत. पैसे परत येण्याचा प्रश्नच नव्हता.

मेजर, मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. पर्सनॅलिटी काढली म्हटल्यावर मी त्या अल्फाच्या मुळाशी गेलेच. स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची भांडणं बघून १९४७ साली जे लिहिलं, तिथून हे सुरू होतं. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९७० मध्ये ते जगभर पोचवलं. आणि याच डेव्हिड मीच यांनी पुढे जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ साली स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे अल्फाबिल्फा काही नसतं. चूक कबूल करणाऱ्या त्या शास्त्रज्ञाला माझा नमस्कार. आमचे सर अजून १९७० मध्येच राहतात आणि तिथलं भाडं माझ्यासारख्या बायका भरतात.

आता तुमच्याकडे येते.

जानेवारी संपत आला होता. प्लास्टर निघून मनगटाला क्रेप बँडेज होतं. तुमची रात्रपाळी संपायची वेळ, सायकलच्या हँडलला डब्याची पिशवी. मी आणि भास्कर नेहमीसारखे तुमच्या गेटसमोरून फरफटत चाललो होतो. तुम्ही हाक मारलीत, "बाई, जरा थांबा." मी शाळेतली बाई हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे.

मला वाटलं, तुम्ही आता लीश मागणार. सगळे तेच करायचे. मुलगा करायचा, सरांनी केलं, वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला पोरगाही "काकू, इकडे द्या" म्हणत ओढून घ्यायचा आणि कुत्रा कसा चालवतात ते मला दाखवायचा. तुम्ही लीशला हातसुद्धा लावला नाहीत. म्हणालात, "कुत्र्याचं मागनं बघू. आधी हात दावा."

मी मूठ पुढे केली. तिच्याभोवती लीशचे दोन वेढे होते. एकदा मनगट मोडून घेतलं तरी अक्कल आली नव्हती, उलट भीतीने वेढे आणखी घट्ट झाले होते. तुम्ही एक वेढा सोडवलात, मग दुसरा. मग करंगळीपासून एकेक बोट उघडत गेलात. बोटं उघडायलाच तयार नव्हती, मला त्याची इतकी लाज वाटली. तळव्यावर आडवे लाल वळ, मधे पांढरं पडलेलं. बैलाचा खूर तपासावा तसं तुम्ही ते नीट बघितलंत, घाई न करता. आणि म्हणालात, "दुखतंय काय ओ लई?"

दीड महिन्यात हा प्रश्न मला विचारणारे तुम्ही पहिले. डॉक्टरांनीसुद्धा एक्स-रेलाच विचारलं होतं.

त्यानंतर मी खाली बघितलं तर भास्कर बसला होता. कुणी 'सिट' म्हटलं नव्हतं. लीश पहिल्यांदाच सैल होती आणि तो रस्त्याच्या मधोमध तोंड उघडं टाकून निवांत बसला होता. तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणालात, "जनावर शाणं हाय. कासरा वढायसाठी नसतोय बाई, हातात असावा म्हणून असतोय." मग त्याच्या गळ्यातली ती चेन काढून माझ्या पिशवीत टाकलीत, "ही घरी ठिवा, कायतरी बांधायला यील." आली. गच्चीच्या दाराची कडी तुटली आहे, ते दार सध्या पंधरा हजारांच्या साखळीने बंद होतं.

पुढचे सात आठवडे कसे गेले ते सविस्तर लिहीत नाही. लिहिण्यासारखं त्यात फारसं नाहीही. दोरी ताठ झाली की थांबायचं, झोल पडला की चालायचं, यापलीकडे तुम्ही काही सांगितलंच नाही. लीशला तुम्ही शेवटपर्यंत दोरीच म्हणालात. पहिल्या दिवशी तुमच्या गेटपासून इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत, साठेक पावलांना, आम्हाला अर्धा तास लागला. टपरीवरची माणसं हसत होती. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाहीत, डबा उघडलात आणि शिळ्या भाकरीचा सुपारीएवढा तुकडा त्याच्या तोंडासमोर धरलात. सरांची परदेशी बिस्किटं सहाशे रुपयांची होती. भास्करला भाकरी जास्त आवडली. लॅब्राडोरला काय हो, लाकूडसुद्धा आवडतं, पण तरी.

एकदा मी घाईत होते, गॅसवाला येणार होता, म्हणून त्याला ओढू दिलं. तुम्ही गेटमधून बघितलंत आणि दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणालात, "येक डाव वढून पोचला का, मागचं आठ दिस पाण्यात." मला एकदम माझाच वर्ग आठवला. घंटा वाजली की लाळ गाळणारा पावलोव्हचा कुत्रा मी दरवर्षी फळ्यावर काढायचे. त्यांना १९०४ चं नोबेल घंटेबद्दल नाही, पचनाच्या अभ्यासाबद्दल मिळालं, हे पोरांना मुद्दाम सांगायचे. दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून लागणारं बक्षीस माणसाला जास्त चिकटवतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरचं म्हणणं लॉटरीचं उदाहरण देऊन शिकवायचे. आणि घरात एक जिवंत कुत्रा माझ्याच हाताने रोज लॉटरी जिंकत होता, ते दिसलं नाही. दहापैकी चार वेळा ओढून पोचता येतं म्हटल्यावर तो का थांबेल? शिवाय त्याची साधी चालच आपल्यापेक्षा जलद. त्याला खोड नव्हती, त्याला हिशेब येत होता.

वास घेऊ द्यायचा हेही तुमचंच. मी प्रत्येक खांबापाशी त्याला खेचायचे. तुम्ही म्हणालात, "नाकावर ज्याचं पोट, त्याला नाक वापरू द्या." तेव्हा कळलं की तुम्ही मेरठला सैन्याच्या श्वानकेंद्रात शिकलात, आणि पुढे काश्मिरात ताफा निघायच्या आधी पहाटे रस्ता तपासत पुढे चालणाऱ्या एका लॅब्राडोर मादीच्या मागे तुम्ही चार वर्षं चाललात. तिचं नाव मला एकदाच सांगितलंत. ते मी इथे लिहीत नाही, ते तुमचं आहे. ते सांगताना तुमचा हात भास्करच्या कानामागे होता आणि त्यानंतर तुम्ही बराच वेळ इस्त्रीवाल्याकडे बघत राहिलात.

फेब्रुवारी संपताना मी भीत भीत पैशांचं काढलं. आता हे 'राहू द्या बाई' म्हणणार आणि मला ओशाळं करणार असं वाटलं होतं. तुम्ही सरळ विचारलंत, "किती देताय?" मला ते इतकं आवडलं! मी दोन हजार म्हणाले, तुम्ही एक हजार घेतलेत, मोजून खिशात ठेवलेत आणि म्हणालात, "बाकीचं त्याच्या हार्नेसला घाला, गळ्याला पट्टा नको." कामाचे पैसे घेणं आणि माणसाला लुबाडणं यातला फरक आमच्या सरांना कुणीतरी समजावून द्यावा.

खरं तर नुसतं कुत्र्याचं आहे का हे? पेन्शनच्या खिडकीपाशी, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे माणसं आधी कागद मागतात. हात दावा म्हणणारा विरळा. शाळेतसुद्धा, कबूल करते, एखादा पोरगा वर्ग डोक्यावर घ्यायचा तेव्हा मी त्याचा कान धरायचे. त्याची मूठ कशाने आवळली आहे ते बघायला मी कितीदा थांबले असेन? त्यातले काही आता चाळिशी ओलांडलेले असतील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर, बाळांनो, बाईंना उशिरा कळलं.

मेजर, आता आम्ही रविवारी म्हातोबा टेकडीवर जातो. चढावर भास्कर थोडा ओढतो. मी थांबते, तो मागे वळून बघतो, 'आलं लक्षात' अशा चेहऱ्याने दोन पावलं मागे येतो. अजून सायकल दिसली की त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, तेवढं राहिलंय. तुमच्या गेटवरून जाताना तो स्वतःहून थांबतो आणि त्या नव्या माणसाच्या पिशवीचा वास घेतो. नवा माणूस घाबरतो. मी त्याला समजावलंय.

आणि हो, शेवटच्या दिवशी भाकरीचा डबा तुम्ही माझ्याकडे विसरलात. स्टीलचा, झाकणावर तुमच्या मुलीचं नाव कोरलेला. घासून ठेवलाय. झाकणाच्या कडेला दातांच्या दोन खुणा आहेत, त्या कुणाच्या ते सांगायला नको. रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून शेंगदाण्याचे लाडू करून ठेवलेत. पंधरा दिवस टिकतील. नंतर पुन्हा करीन.

तुमची,
कोथरूडच्या बाई
(आणि भास्कर)