ढकलू नका, सोडा : कर्लिंग शिकवणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

नवशिक्यांच्या वर्गाचा हंगाम संपला तेव्हा निरोप घेताना मी नुसते ‘धन्यवाद’ म्हणून मोकळा झालो होतो. परंतु तुमच्या शिकवण्याने नेमके काय दिले हे नीट लिहिल्यावाचून ते आभार पुरे झाले असे वाटेना, म्हणून हे पत्र. ते खुले ठेवण्याचे कारण इतकेच की, हिवाळी ऑलिंपिकच्या दिवसांत कर्लिंग, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत, त्याच्या पुढचा बर्फ ब्रशने घासत तो लक्ष्याच्या वर्तुळांत थांबवण्याचा खेळ, अनेकांनी पडद्यावर पाहिलेला असतो, आणि त्यांना तो एकतर अगदी सोपा वाटतो किंवा थोडा हास्यास्पद वाटतो. या खेळाची मुळाक्षरे गिरवताना काय काय गिरवावे लागते, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

तुमच्या बहुतेक सूचना नकारार्थी होत्या, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. हाताने ढकलू नका, दगडावर रेलू नका, बर्फावर तळवा टेकू नका, सांगितल्याशिवाय ब्रश मारू नका. एखाद्या शिक्षकाने असे सतत ‘नका, नका’ म्हटले तर शिकणारा धास्तावतो. तुमच्या वर्गात तसे झाले नाही, कारण प्रत्येक ‘नका’च्या पाठोपाठ त्याचे कारण येत असे आणि शक्य असेल तेथे ते कारण डोळ्यांना दिसेल अशी व्यवस्थाही तुम्ही केलेली असे.

सुरुवात तुम्ही बर्फापासून केलीत. कर्लिंगचा बर्फ स्केटिंगच्या बर्फासारखा गुळगुळीत नसतो. सपाट केलेल्या पट्टीवर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून ते गोठवतात, मग त्यांची टोके पात्याने हलकेच छाटतात, आणि या दाणेदार थराला पेबल म्हणतात. बर्फ तयार करणारे गृहस्थ पाठीवर पाण्याची टाकी घेऊन, हातातील झारीचे तोंड एका लयीत डावीकडे-उजवीकडे झुलवत, उलट्या पावली पट्टीभर मागे सरकत होते. ते काम तुम्ही आम्हाला काचेआडून अगदी शेवटपर्यंत पाहायला लावलेत. त्यानंतर ‘तळवा टेकू नका, गुडघा टेकून बसू नका’ हे पुन्हा सांगण्याची गरजच उरली नाही. अंगाच्या उबेने ते दाणे वितळतात, तेथे सपाट डाग पडतो आणि पुढचा दगड त्या डागावरून जाताना अडखळतो. पडण्याबद्दलच्या सूचना तुम्ही थोडक्यात आटोपल्यात: हेल्मेट घालावे, बर्फावर चढताना पकड असलेल्या तळव्याचा पाय आधी ठेवावा, उलटे चालू नये आणि येणारा दगड पायाने अडवू नये. तेवढ्या पुरल्या.

दगड तुम्ही आधी टाकायला दिला नाहीत, आडवा करून पाहायला दिलात. जास्तीत जास्त 19.96 किलो वजनाचा हा ग्रॅनाइटचा दगड सगळ्या तळाने बर्फावर बसत नाही. तळ मध्यभागी खोलगट असतो आणि जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची एक कड तेवढी टेकते. ती कड बोटाने चाचपायला लावून तुम्ही म्हणालात की दगड कधी उचलायचा नाही, पण टाकण्यापूर्वी प्रत्येक वेळी असा कलता करून पुसायचा, कारण त्या कडेखाली एखादा केस किंवा ब्रशचा धागा आला तरी दगड वाट सोडतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या एल्सा क्रेग या छोट्या बेटावरचा ग्रॅनाइट या कामासाठी का नावाजला जातो, तेही तेव्हाच कळले: तेथील ब्लू होन या जातीचा दगड इतका घट्ट असतो की त्यात पाणी मुरत नाही, आणि मुरलेले पाणी गोठून कड फुटण्याचा धोका त्यामुळे राहत नाही.

मला सर्वांत मोठे ऋण वाटते ते दगड सोडण्याच्या पाठाचे. लांबून पाहणाऱ्याला वाटते की खेळाडू हाताच्या जोराने दगड पुढे लोटतो. कॅरमच्या स्ट्रायकरला बोटाने टिचकी मारावी तसा काहीसा प्रकार असावा, अशी समजूत असते. प्रत्यक्षात हाताने जवळजवळ काहीच करायचे नसते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा पाय हॅकमध्ये, म्हणजे पाय टेकण्यासाठी बर्फात बसवलेल्या रबरी आधारात, रोवायचा, घसरता तळवा डाव्या बुटाखाली ठेवायचा, कंबर किंचित उचलत दगड थोडा मागे घ्यायचा, मग आधी दगड पुढे निघू द्यायचा, त्याच्या मागोमाग डावा पाय छातीखाली येऊ द्यायचा आणि हॅकमधल्या पायाने रेटा द्यायचा. दगडाला गती मिळते ती त्या पायाची. दगडावर भार टाकायचा नाही हे सांगून तुम्ही थांबला नाहीत. आधी दगडाशिवाय घसरायला लावलेत, नंतर दगड हातात देऊन मध्येच ‘सोडा’ म्हणून हाक दिलीत. ज्याचा भार स्वतःच्या पायावर होता तो सरळ घसरत राहिला आणि ज्याचा दगडावर होता तो आडवा झाला. कोणाचे काय चुकते आहे हे त्या एका हाकेने ज्याचे त्याला कळले, तुम्हाला कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

हॉग लाइनच्या, म्हणजे पट्टीवर आखलेल्या आडव्या रेषेच्या, अलीकडे दगड सोडावाच लागतो, हा नियम. सोडण्यापूर्वीच्या शेवटच्या हातभर अंतरात मूठ घड्याळाच्या 10 च्या किंवा 2 च्या खुणेवरून 12 वर आणायची, की दगडाला फिरकी मिळते. या फिरकीबद्दल तुम्ही टेबलावर करून दाखवलेला प्रयोग मी तेव्हापासून भेटेल त्याला करून दाखवतो. काचेचा पेला उपडा ठेवून तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पुढे सरकवला तर तो डावीकडे वळतो. कर्लिंगचा दगड त्याच फिरकीने उजवीकडे वळतो. असे का होते यावर भौतिकशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही, हे तुम्ही सरळ सांगितलेत आणि एखादे गुळगुळीत स्पष्टीकरण आमच्या गळी उतरवले नाहीत, याबद्दल मला तुमचा विशेष आदर वाटला.

ब्रशच्या बाबतीत माझा पूर्वग्रह असा होता की जितके घासावे तितके चांगले. घासण्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होते आणि दगड अधिक लांब जातो. पण त्याच वेळी तो कमी वळतो. म्हणजे दगड गार्डच्या, म्हणजे वाटेत आडोसा म्हणून ठेवलेल्या दगडाच्या, मागे वळून जायला हवा असेल तर काही काळ ब्रश हवेत धरून नुसते त्याच्या बरोबरीने चालणे हेच काम असते. दगडाचा वेग घासणाऱ्या दोघांनी ओळखायचा, त्याची रेषा समोर हाउसमध्ये, म्हणजे लक्ष्याच्या वर्तुळांत, उभ्या असलेल्या स्किपने, म्हणजे संघनायकाने, पाहायची आणि मग ‘हरी’, ‘हार्ड’ (जोरात घासा) किंवा ‘वो’ (थांबा) अशी आरोळी यायची, ही वाटणी समजल्यावर तो सगळा आरडाओरडा अर्थपूर्ण वाटू लागला. वेग ओळखायला तुम्ही दिलेला मापदंड फार कामी आला: चांगल्या बर्फावर जवळच्या हॉग लाइनपासून पलीकडच्या बटणापर्यंत, म्हणजे वर्तुळांच्या केंद्रापर्यंत, जाऊन थांबणाऱ्या दगडाला साधारण 24 सेकंद लागतात. मनातल्या मनात मोजत चालण्याची सवय त्यातून लागली.

गुणांची रीत तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलीत आणि ती लवकर संपवलीत. एका एंडमध्ये, म्हणजे एका फेरीत, दोन्ही संघांचे मिळून 16 दगड, गुण एकाच संघाला, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा बटणाच्या जवळ असलेल्या, हाउसमधील प्रत्येक दगडाचा एक गुण. गुण घेतला की पुढच्या एंडमध्ये शेवटचा दगड, म्हणजे हॅमर, प्रतिस्पर्ध्याकडे जातो. म्हणूनच एकच गुण मिळणार असेल तर कधीकधी तो न घेता, हॅमर आपल्याकडेच ठेवण्यासाठी, एंड कोरा सोडतात, हे ऐकून वर्गात सगळे चक्रावले होते.

नियमांपैकी एक मात्र तुम्ही सविस्तर सांगितलात. चालत्या दगडाला आपला ब्रश लागला तर ते लागणाऱ्याने स्वतः, कोणी विचारण्यापूर्वी सांगायचे; पलीकडच्या हॉग लाइनच्या आधी लागला असेल तर आपला दगड आपणच बाजूला काढायचा. साध्या सामन्यात पंच नसतोच. हे सांगताना तुम्ही उपदेशाचा सूर लावला नाहीत, ऑफसाइड सांगावा तसा नियम म्हणून सांगितलात, आणि मला वाटते म्हणूनच तो सगळ्यांनी पाळला.

एका गोष्टीत मात्र माझे मत तुमच्याहून वेगळे आहे, तेही नोंदवतो. तोल सांभाळण्यासाठी मिळणारा स्टॅबिलायझर नवशिक्याने लवकर सोडावा, ब्रशच्या आधाराने घसरावे, असा तुमचा आग्रह असे. ज्यांचे गुडघे धड नाहीत त्यांना तो आणखी काही काळ वापरू द्यावा, असे मला वाटते. हे लिहिताना हेही आठवते की आमच्यातील ज्यांना वाकणे शक्यच नव्हते, त्यांना तुम्ही पहिल्याच दिवशी काठीने उभ्याने दगड सोडायला शिकवलेत आणि खेळताना त्यांना कोणतीही सूट दिली नाहीत. 2006 पासून पॅरालिंपिकमध्ये खेळले जाणारे व्हीलचेअर कर्लिंग तर स्वीपिंगशिवायच खेळतात, म्हणजे सोडलेला दगड नंतर कोणी सावरू शकत नाही, हेही तेव्हाच तुमच्याकडून कळले. त्या खेळाडूंच्या अचूकतेबद्दल तुम्ही जे बोललात, ते ऐकून काठीबद्दलचा संकोच तेथेच मिटला.

पुढच्या हंगामात मला एका संघात लीड म्हणून खेळायला बोलावले आहे. म्हणजे पहिले दोन दगड आणि उरलेला सगळा वेळ ब्रश. घड्याळाच्या दिशेने फिरणारा दगड आता बऱ्यापैकी जमतो, उलट्या फिरकीचा मात्र सोडताना अजून बाहेर निसटतो. मूठ उशिरा वळते की खांदा उघडतो, हे मला स्वतःला कळत नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या सरावाच्या वेळी तुम्ही हॅकच्या मागे उभे राहून तेवढे पाहावे, ही विनंती.

आपला विद्यार्थी