अँजीचे खोटे

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू ‘होंडो’ला जॉन वेनचा आणखी एक बंदुकीचा सिनेमा म्हणालास, तेव्हा मला फार लागले, म्हणून हे पत्र. १९५३ सालचा हा चित्रपट जॉन फॅरो यांनी मेक्सिकोतील उजाड माळावर चित्रित केला. तो त्रिमिती तंत्रात असल्यामुळे हाणामारीत सुरे थेट प्रेक्षकांवर रोखलेले दिसतात. तेवढे सोडून दे आणि जेराल्डिन पेज यांनी उभ्या केलेल्या अँजी लो हिच्याकडे लक्ष ठेव. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते.

अपाची या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या मुलखातल्या, गुरे पाळायच्या एकाकी रँचवर लहानग्या जॉनीला घेऊन राहणारी अँजी, दारात आलेल्या अनोळखी होंडोला, म्हणजे जॉन वेनला, सांगते की आपले यजमान गुरे शोधायला गेले आहेत, येतीलच. होंडो घोड्यांना नाल ठोकतो, सरपण फोडून देतो, आणि या घरात पुरुषाचा हात कित्येक दिवसांत फिरलेला नाही हे त्याच्या ध्यानात येते. तुझे बाबा घर सोडून गेले त्या वर्षी दारी येणाऱ्या प्रत्येकाला मीही “कामासाठी बाहेरगावी गेलेत, येतील” असेच सांगत होते. त्यामुळे अँजीची ती घाईघाईने बोलण्याची लकब पाहताना माझा श्वास अडकतो.

होंडो मात्र खोटे बोलणाऱ्यांपैकी नाही. सॅम कुत्र्यालासुद्धा तो आपला म्हणत नाही, खाऊ घालून मिंधे करत नाही. पुढे हाच होंडो अपाचींच्या हाती सापडतो, तेव्हा त्यांचा प्रमुख व्हिटोरिओ याच्यासमोर अँजी त्याला आपला नवरा म्हणते आणि त्या एका खोट्याने त्याचा जीव वाचतो. तिच्या खऱ्या नवऱ्याने होंडोवर घात केला होता आणि स्वतःचा जीव वाचवताना होंडोच्या हातून तो मारला गेला होता. हे जॉनीला सांगायलाच हवे असे होंडोला वाटते, पण अँजी त्याला थांबवते. तिला मुलाच्या मनातला बाप शाबूत ठेवायचा असतो.

मीही तुला बाबांविषयी तू कॉलेजात जाईपर्यंत काही सांगितले नाही. दिवाळीला येशील तेव्हा तो प्रसंग आपण दोघे मिळून पाहू. काही विचारावेसे वाटले तर सिनेमा मध्येच थांबवून विचार.

तुझी,
आई